बख्ताची राहिलेली वरात

पडदा उघडतो तेव्हा रंगमंचावर भर दुपार आहे. डावीकडे समुद्र, उजवीकडे चढणीचा रस्ता, मध्ये आमचा मोहल्ला. भिंतींना नुकताच चुना लावलेला. प्रत्येक गच्चीवर निशाण आहे, आणि ती सगळी निशाणं घरातल्याच चादरी फाडून शिवलेली असल्यामुळे एकाचा हिरवा दुसऱ्याच्या हिरव्याशी जुळत नाही. साल एकोणीसशे बासष्ट, महिना जुलै. अल्जीरिया स्वतंत्र होऊन चार दिवस झालेत आणि या चार दिवसांत गावात कुणाचाही घसा जागेवर राहिलेला नाही. भाजीवाला बोटांनी भाव सांगतोय. बायका शेजारणीला हाक मारण्याऐवजी भिंतीवर लाटणं आपटतायत. अनोळखी माणसं रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात, मग हसतात, मग तू कुणाचा कोण असं विचारतात.

अशा या गर्दीतून एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन वरच्या गल्लीतून खालच्या गल्लीकडे निघाली आहे. अंगभर पांढरा हायक, त्यातून फक्त एक डोळा बाहेर. पण तिची चाल अशी ठेक्यात पडते की बाकीचं सगळं झाकलेलं असूनही मोहल्ल्याला ती कोण ते कळतं. ती बख्ता. तासाभरापूर्वी तिचा नवरा पाच वर्षांनी डोंगरावरून जिवंत परत आलाय, आणि ती त्याला सोडून माहेरी चाललीय.

बख्ताच्या घराण्यात डफ होता. आजी वाजवायची, मावशी वाजवायची, आणि बख्ता वयात आली तेव्हा चार बायकांचा ताफा तिच्या हाताखाली आला. आमच्याकडे लग्नात बायकांचं अंगण वेगळं असतं, तिथे पुरुष येत नाहीत, आणि त्या अंगणाची राणी नवरी नसते, डफवाली असते. तिने ठेका धरला की सासवा नाचतात, तिने थांबवला की जिथे असतील तिथे उभ्या राहतात. नवरीला बापाच्या उंबऱ्यातून बाहेर काढून घोडीवर बसवते ती डफवाली आणि नवऱ्याच्या उंबऱ्यात पोचवते तीही डफवाली. बख्ताने अशा किती नवऱ्या पोचवल्या त्याची गणती नव्हती. मी पुढे चाळीस वर्षं रंगमंचावर काढली, मोठमोठ्या लोकांबरोबर कामं केली, पण प्रेक्षकांना मुठीत कसं धरायचं ते मी बख्ताच्या ताफ्यात दुसरा आवाज लावताना शिकले. बाकी सगळी उजळणी.

मग स्वातंत्र्याची लढाई आली, आणि डोंगरावर लपलेल्या लढवय्यांकडून निरोप आला की देश सुतकात असताना लग्नात डफ वाजायचा नाही, गाणं व्हायचं नाही. बख्ताने निमूटपणे डफ खाली ठेवला. तिच्या आईने, मा रहमूनाने, तो पिठाच्या रांजणावर झाकण म्हणून घातला, कारण अगदी बरोबर बसत होता. बख्ता हम्मामात, गावच्या न्हाणीघरात, बायकांच्या पाठी चोळायला लागली. तिथेसुद्धा ती ठेक्यातच चोळायची.

सत्तावन्नच्या वसंतात तिचं स्वतःचं लग्न झालं. नवरा महजूब, चांभार, अबोल माणूस. मौलवींनी चार साक्षीदारांसमोर निकाह लावला. मग बख्ता काखेत साबण आणि टॉवेलचं गाठोडं घेऊन, हम्मामला चालल्यासारखी, गोऱ्या सैनिकांच्या चौकीवरून पायी सासरी गेली. बरोबर आम्ही चौघीजणी, आमच्याही काखेत टॉवेल. सासूच्या दारात पोचल्यावर आम्ही कुलकुली, म्हणजे जीभ हलवून काढायचा लग्नातला तो लांब आनंदाचा आवाज, करायला तोंडं उघडली, जिभा हलवल्या, पण आवाज काढला नाही. भिंतीपलीकडे गस्त होती. चार बायका आ वासून उभ्या आहेत आणि चिमणीसुद्धा उडत नाही, असा तो देखावा. तिसऱ्या दिवशी महजूब डोंगरावर गेला.

पुढची पाच वर्षं बख्ता आणि तिची सासू लाल्ला औदा एका घरात राहिल्या. एक घोंगडी, एक भाकरी, एक चूल. लाल्ला औदाची जीभ वस्तऱ्यासारखी होती. सगळ्या मोहल्ल्याला ती घाबरवायची आणि बख्ताला घाबरायची. सून हम्मामातून यायला उशीर झाला की दारात उभी राहून शिव्या द्यायची आणि सून दिसली की आत पळून कॉफी ठेवायची.

तर नऊ जुलैला महजूब आला. दाढी वाढलेली, डाव्या पायाची दोन बोटं कमी, बाकी सगळं शाबूत. बख्ताने त्याला बसवलं, पाय धुवून दिले, कॉफी दिली, तो पिऊ लागला तेव्हा समोर बसून त्याच्याकडे पोटभर बघितलं. मग उठली आणि गाठोडं बांधायला लागली. महजूबला वाटलं, आपले कपडे धुवायला नेतेय.

"माझं माहेर माहीत आहे ना तुम्हाला?" ती म्हणाली. "खालच्या गल्लीत, विहिरीजवळ. तिथे या न्यायला. घोडी घेऊन या, डफ घेऊन या, दिवसाढवळ्या या. निकाह झालाय माझा, लग्न झालेलं नाही. मी या घरात चोरीच्या साखरेसारखी आलेय."

महजूब पाच वर्षं बंदुकांसमोर उभा राहिलेला माणूस. त्याने आईकडे बघितलं. लाल्ला औदा म्हणाली, बरोबर बोलतेय ती, मलाही वरात हवीच होती, एकच मुलगा आहे मला. आणि वर त्याला टोमणा मारला की पाच वर्षं थांबलास तर पाच दिवस थांब.

पाच दिवस.

आता त्या वर्षाचं काय सांगू. सात-साडेसात वर्षं ज्यांनी लग्नं थांबवली होती त्या सगळ्यांना एकदम लग्नं करायची होती. ज्यांनी गुपचूप उरकली होती त्यांना ती पुन्हा वाजतगाजत हवी होती, मांडीवर तीन-तीन पोरं असली तरी. डोंगरावरून उतरलेल्यांना बायका हव्या होत्या. तुरुंगातून सुटलेल्यांना हव्या होत्या. ज्यांना काल लग्नाचं नावही नको होतं ते शेजाऱ्याची वरात बघून घरी गेले आणि आईला म्हणाले, माझंही बघ. उन्हाळा सरला, द्राक्षं निघाली, लग्नाचा गुरुवार आला की गावात एकाच दिवशी तीन-तीन वराती, आणि चढणीच्या रस्त्यावर दोन घोड्या समोरासमोर आल्या की कुणी मागे सरायचं यावरून दोन्हीकडच्या आत्या भांडायच्या, मग एकमेकींच्या वरातीत नाचायच्या. एकदा तर वधूंचीच अदलाबदल व्हायची राहिली, कारण दोघींचे हायक सारखे आणि घोड्या एकाच मालकाच्या. एकीने घोडीवरून खाली वाकून सांगितलं की हा माझ्या सासऱ्यांचा आवाज नव्हे, म्हणून कळलं.

आणि या सगळ्याला डफ कुणाचा? बख्ताचा. पंचक्रोशीत धड ताफा तो एकच उरला होता. रांजणावरून डफ निघाला तेव्हा त्याचं कातडं पिठाने पांढरं आणि ओलीने सैल झालेलं. बख्ताने तो शेगडीवर शेकला, कानाशी धरला, बोट मारलं आणि म्हणाली की म्हातारी जिवंत आहे.

पेच असा की बख्ताच्या स्वतःच्या वरातीला डफ कोण वाजवणार? आम्ही बाकीच्या चौघी वाजवू शकत होतो, पण आम्हाला मोकळा गुरुवार हवा, आणि मोकळा गुरुवार ठेवायचा तर कुठल्या तरी आईला नाही म्हणायला हवं. बख्ताला नाही म्हणता येत नव्हतं. दर आठवड्याला ती ठरवायची, पुढचा गुरुवार माझा. मग दारात कुणीतरी यायची. एकदा वरच्या मळ्यातली एक म्हातारी आली. तिचे दोन्ही मुलगे गेलेले, एक मुलगी राहिलेली, आणि जावयाला सोमवारी दूर नोकरीवर हजर व्हायचं होतं. म्हातारी म्हणाली, घरात रडणं पुष्कळ झालं, आता भिंतींना दुसरं काहीतरी ऐकू दे. बख्ताने विचारलं नाही, कधी, कुठे. फक्त डफ उचलला. त्या लग्नात तिने इतकं वाजवलं की म्हातारी स्वतः उठून नाचली, दोन्ही मुलांची नावं घेऊन नाचली, आणि आम्हाला रडावं की ठेका धरावा ते कळेना. बख्ताने मान हलवून सांगितलं, ठेका.

तेव्हा महजूबची वरात पुढच्या गुरुवारवर गेली. मग त्याच्या पुढच्या.

महजूब बिचारा चांभारकीच्या दुकानात बसून बायकोवर प्रेम करू लागला. आधी त्याला वेळच मिळाला नव्हता. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं हा प्रकार: तो मा रहमूनाच्या दारात यायचा आणि म्हणायचा, सासूबाई, तुमची चप्पल शिवायची आहे का? मा रहमूनाच्या चपला त्या वर्षी सात वेळा शिवल्या गेल्या. शेवटी त्यांत चामड्यापेक्षा दोरा जास्त होता. त्याच्यासाठी दार उघडायचं नाही अशी बख्ताची आज्ञा, म्हणून तो खिडकीतून चपला देऊन जायचा, आणि चपलेत कधी बदाम, कधी एक संत्रं. ज्या ज्या लग्नात बख्ता वाजवायची तिथे तो आमंत्रण असो नसो हजर. पुरुषांच्या अंगणात भिंतीला पाठ लावून बसायचा. भिंतीपलीकडून पाच डफ ऐकू यायचे आणि त्यांतला तिचा कोणता ते त्याला कळायचं. शेजारी बसलेल्याला कोपर मारून सांगायचा, हा, हा बघा, ही माझी बायको.

मग नोव्हेंबर आला आणि पाऊस आला. एका मळ्यावर लग्न होतं, नदीच्या पलीकडे. आम्ही गेलो, महजूबही गेला, आणि आमच्या मागे नदीला पाणी आलं. दोन दिवस कुणाला परतता येईना. मळ्यावर पाहुणे उदंड आणि खोल्या मोजक्या. मळ्याची मालकीण हिशोबी बाई. तिने विचारलं, तुम्हा पाहुण्यांत नवरा-बायको कोण कोण आहेत, त्यांना एकेक खोली देऊन टाकते, म्हणजे बाकीच्यांची सोय लागेल. आम्ही चौघींनी एकाच वेळी बख्ताकडे बोट दाखवलं.

इथे मी पडदा पाडते. नवरा-बायकोच होते ते.

पाणी ओसरल्यावर बख्ता परत आली ती पुन्हा माहेरीच. आणि पुन्हा तेच: घोडी, डफ, दिवसाढवळ्या.

जानेवारीच्या शेवटी रमजान लागला. रमजानात लग्नं नसतात, डफ भिंतीवर. पंधरवडा गेला असेल. लाल्ला औदा सूर्यास्तानंतर रव्याचे गोड वडे घेऊन विहिणीकडे आली. तिला सुनेची इतकी सवय झालेली होती की ती काहीतरी निमित्त काढून रोज यायची, आणि रोज म्हणायची की मी काही तुझ्यासाठी आलेले नाही. त्या दिवशी मा रहमूनाने कॉफी उकळली आणि बख्ता नाकाला हायकचं टोक लावून अंगणात पळाली. लाल्ला औदाने हातातला वडा खाली ठेवला. बोटांवर मोजलं. नोव्हेंबरपर्यंत मागे गेली, नदीपाशी थांबली, आणि मग उंबऱ्यावर बसून इतकी हसली की मा रहमूनाला वाटलं हिला घास लागला.

हसून झाल्यावर मात्र तिने कंबर कसली. आता हा पोरखेळ पुरे, आजच्या आज घरी चल, असं तिने सुनेला बजावलं. बख्ताने मान हलवून नकार दिला.

"अगं, पोट घेऊन घोडीवर बसणार तू?" लाल्ला औदा म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"मग काय पोट इथे ठेवून येऊ?"

"पोट झाकायला मी हायकची घडी मोठी करून देते. पण डोकं आहे का तुझं? माझा नातू लग्नाआधीच जन्माला आला असं म्हणतील."

"निकाहाला सहा वर्षं होतील, लाल्ला. नातवाने उलट उशीर केलाय."

वादात हरली की लाल्ला औदा दुसऱ्या कुणाला तरी शिव्या द्यायची. त्या दिवशी तिने नदीला दिल्या.

बातमी लपण्यासारखी नव्हती. हम्मामात काय लपतं? आठवडाभरात सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक झालं, आणि गंमत अशी की कुणीही नाक मुरडलं नाही. त्या वर्षी लोकांना नाकं मुरडायला फुरसतच नव्हती. उलट पैजा लागल्या: आधी वरात येणार की बाळ? न्हावी वरातीच्या बाजूने, बेकरीवाला बाळाच्या. मौलवींना कुणीतरी विचारलं की पोटुशी नवरी घोडीवर बसली तर चालतं का. ते म्हणाले, धर्माच्या बाजूने काही हरकत दिसत नाही, घोडीला विचारा.

घोडी सी बेलाब्बासची. गावात वरातीची अशी दोनच जनावरं होती, दोन्ही त्याची, आणि बख्ताला पांढरीच हवी होती. ईद झाली, तुंबलेली लग्नं पुन्हा सुरू झाली, मार्च गेला, एप्रिल गेला. मेमध्ये एक गुरुवार खरोखर मोकळा सापडला. आम्ही नाचायचंच बाकी ठेवलं होतं. तर सी बेलाब्बास सांगत आला की पांढरी घोडी आज सकाळी व्यायली, महिनाभर तिला काम नाही. बख्ता पोटावर हात ठेवून म्हणाली की आधी तिचं होऊ दे, तिला बिचारीला सासर-माहेर काही नाही. मग मोहरम आला. मोहरमात आमच्याकडे वरात काढत नाहीत, आणि लाल्ला औदा याबाबतीत एक बोट मागे सरायला तयार नव्हती. मोहरम संपला तेव्हा जूनचा शेवट आला होता. बख्ता आठव्या महिन्यात. ती चालायला लागली की आता ठेका संथ पडायचा, पण चुकायचा नाही.

लाल्ला औदाची झोप उडाली. मूल माहेरी जन्मलं की चाळीस दिवस बाहेर पडायचं नाही, तोवर पाऊस, मग पुन्हा रमजान. तिने हिशोब मांडला आणि महजूबला म्हणाली की असंच चाललं तर तुझा मुलगा दाढीवर हात फिरवत तुझ्या वरातीत चालेल. महजूब इतका अबोल माणूस, तोही त्या दिवशी खिडकीपाशी उभा राहून बायकोशी बोलला. आम्ही आतच बसून डाळ निवडत होतो.

"बख्ता, मी तुझ्यावर जबरदस्ती करणार नाही," तो म्हणाला. "पण मी घरात आल्यावर आई तीन कप कॉफी ओतते. रोज ओतते आणि रोज एक परत भांड्यात टाकते. हे मला बघवत नाही."

बख्ताने हातातली डाळ सुपात टाकली. मग तिने विचारलं, पाच जुलैला काय वार आहे? शुक्रवार, तो म्हणाला. पण त्या दिवशी स्वातंत्र्याचा वाढदिवस, सगळ्या गावाची मिरवणूक, प्रत्येक डफ, प्रत्येक ढोल, प्रत्येक पिपाणी नगरपालिकेने मागवलेली. आमच्या ताफ्यालाही निरोप आलेला होता की महिलांच्या तुकडीत सकाळी नऊला हजर राहा.

"मग राहते की हजर," बख्ता म्हणाली. "घोडीवर बसून राहते."

पाच जुलै त्रेसष्ट. मिरवणूक बंदराजवळच्या शाळेपासून निघून चढणीच्या रस्त्याने वर चौकात जाणार होती, तिथे भाषण. सगळ्यात पुढे पितळी वाद्यांचा ताफा, मग लढवय्ये, त्यांत महजूब, नवा गणवेश, तीन बोटांच्या पायासाठी स्वतःच शिवलेला बूट. मग शाळकरी मुली, मच्छीमार, महिलांची तुकडी. आणि विहिरीच्या गल्लीतून बख्ता बाहेर आली.

पांढरी घोडी, गळ्यात लाल गोंडे. घोडीच्या मागे तिचं शिंगरू, कारण ते आईला सोडेना. घोडीवर बख्ता, सोनेरी कशिद्याच्या पदराखाली तोंड झाकलेलं, मान खाली. नवरीने त्या दिवशी बोलायचं नाही, हसायचं नाही, वर बघायचं नाही, अशी आमची रीत. बख्तासारख्या बाईला ती शिक्षाच होती. लगाम लाल्ला औदाने धरलेला, खरं तर तो मामाने धरायचा, पण मामाच्या हातून तिने हिसकावून घेतला होता. मागे आम्ही चौघी डफ घेऊन, आमच्या मागे मा रहमूना, आणि तिच्या मागे मोहल्ल्यातल्या जेवढ्या म्हाताऱ्यांना चालता येत होतं तेवढ्या.

शाळेजवळ दंडाला पट्टी बांधलेल्या एका तरुणाने आम्हाला अडवलं. त्याच्या हातात यादी होती. त्याने घोडीकडे बघितलं, शिंगराकडे बघितलं, पोटाकडे बघून घाईने यादीकडे बघितलं, आणि विचारलं की तुम्ही कुठली संघटना?

"सासवांची," लाल्ला औदा म्हणाली.

यादीत नाही, तो म्हणाला. मग लिही, ती म्हणाली, आणि जरा मोठ्या अक्षरात लिही, तुझी आई मागे तिसऱ्या रांगेत आहे. त्याने मान वाकडी करून बघितलं. खरंच होती. त्याने लिहिलं.

चढणीच्या मध्यावर एका गॅलरीत ध्वनिक्षेपक लावला होता. यादीवरून नावं पुकारली जात होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. शाळेच्या मुली आल्या, टाळ्या. मच्छीमार संघ आला, टाळ्या. मग तो आवाज एकदा अडखळला आणि मोठ्या डौलात म्हणाला: आता येत आहे, सासवांची राष्ट्रीय संघटना. मग जो हशा उठला तो मी पुढे कुठल्याच नाट्यगृहात ऐकला नाही, आणि मी हशे मिळवणाऱ्यांतली होते. गच्च्यांवर बसलेल्या सासवा उठल्या, जिने उतरल्या आणि मिरवणुकीत शिरल्या. आपली संघटना आहे हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. चाळीस झाल्या, साठ झाल्या. पुढे लढवय्यांच्या रांगेत महजूबने ते नाव ऐकलं आणि सगळी रांग सरळ बघत असताना तो एकटा मान मागे वळवून चालू लागला.

आमच्या पाठोपाठ बालवीरांची तुकडी होती, तीसेक पोरं, प्रत्येकाच्या गळ्यात ढोल. त्यांच्या मागे सहकारी मळ्याचा ट्रॅक्टर, फुलांनी मढवलेला. बालवीरांच्या प्रमुखाला एकच गोष्ट बजावून सांगितलेली होती: पुढच्याचा माग सोडू नका. पुढचा म्हणजे आम्ही.

लाल्ला औदाची गल्ली आली. डावीकडे. चौक सरळ वर. लाल्ला औदाने घोडीचा लगाम डावीकडे वळवला. साठ सासवा वळल्या. बालवीरांनी आज्ञा पाळली आणि तीस ढोल घेऊन तेही वळले. त्यांच्या मागे ट्रॅक्टर वळला, आणि तोंडाशीच दोन भिंतींत बुचासारखा बसला. मागची सगळी मिरवणूक तिथेच अडली. वर चौकात भाषणाला उभे राहिलेले गृहस्थ कागद हातात धरून निम्म्या मिरवणुकीची वाट बघत राहिले, आणि इथे गल्लीत, जिथे दोन माणसं शेजारी चालली की खांदे घासतात, तिथे तीस ढोल, चार डफ, एक ट्रॅक्टर आणि साठ बायकांची कुलकुली. भिंतींचा ताजा चुना आवाजाने गळून आमच्या केसांवर पडत होता. सहा वर्षांपूर्वी याच दारात आम्ही आवाज न काढता तोंडं उघडली होती. त्या दिवशी मी तोंड उघडलं आणि माझा आवाज मला स्वतःला ऐकू आला नाही, इतका गोंगाट होता. मी इतक्या आनंदाने कधीही वाया गेलेले नाही.

महजूब रांग मोडून पळत आला. त्याच्या आणि त्याच्या घराच्या मध्ये ट्रॅक्टर. तो चाकावर चढला, फुलं तुडवत वर गेला, टपावर उभा राहिला, आणि गणवेशाला झेंडूसारखं काहीतरी चिकटलेल्या अवस्थेत सासवांच्या गर्दीत पलीकडे उतरला. रीत अशी की नवऱ्याने संध्याकाळपर्यंत मित्राच्या घरी लपून बसायचं. लाल्ला औदा ओरडली की तू कुठे तडमडलास इथे. मग तिच्या लक्षात आलं की घोडीवरून नवरीला उतरवायला बळकट हात लागणार आहेत, आणि तिने त्याला माफ केलं.

बख्ता दारात उतरली. रितीप्रमाणे सासूने दुधाचा वाडगा पुढे केला. नवरीने आधी दूध प्यायचं, मग उंबरा ओलांडायचा. ढोल हळूहळू थांबले. उन्हाने पोरांचे चेहरे लाल झालेले, त्यांच्या तळव्यांना फोड आलेले, आमच्याही. सगळी गल्ली त्या वाडग्याकडे बघत होती. बख्ताने कशिद्याचा पदर वर केला, मान वर केली, दूध न पिता आमच्याकडे, त्या पोरांकडे, एकेकाच्या हाताकडे बघितलं, आणि सकाळपासून मिटलेलं तोंड उघडलं.

"लाल्ला, हे आधी वाजवणाऱ्यांना द्या. नवरी काय, उद्याही इथेच आहे."